पहिली फिक्स्ड गिअर सायकल, पंधरा हजारांच्या आत, सांगली-मिरज रोजच्या रस्त्याला टिकेल अशी (सल्ला हवा)

वीसरुपयेपंक्चर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी राहते विश्रामबागेत, नोकरी मिरजेत एका लॅबमध्ये. जाऊन-येऊन चौदा-पंधरा किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस. सध्याची सायकल एकवीस गिअरची, कॉलेजात असताना घेतलेली. त्या एकवीसपैकी मी वापरते एक. सांगलीत चढ म्हणजे रेल्वेचा पूल, दुसरा आहे कुठे? आणि पावसाळ्यात आमची काळी माती मागच्या डिरेल्युअरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रात) अशी जाऊन बसते की रोज संध्याकाळी टूथब्रश घेऊन बसावं लागतं. ते जिथे अडकवतात तो हँगर दोनदा वाकून झालाय.

पुण्यात मैत्रिणीची फिक्सी (फिक्स्ड गिअर, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत) चालवली. पहिल्या पाच मिनिटांत पडता पडता वाचले, नंतर सोडवेना. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

समोर तीन पर्याय आहेत. एक, ऑनलाइन दिसणारी बारा हजारांची, पोपटी रिमवाली. दोन, आमच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका म्हणतात, “ताई, आहे त्या चाकाची फ्रीव्हील वेल्ड करून देतो, दीडशे द्या, झाली तुमची फिक्स.” तीन, जुनी स्टीलची फ्रेम शोधून तिच्यावर बांधायची. बजेट पंधरा. त्यात ताणाताणी नाही, कारण उरलेला पगार आधीच ठरलेल्या ठिकाणी जातो.

मला वेगाचं वेड नाही. पाच वर्षं चालली पाहिजे आणि बिघडली तर सांगलीत दुरुस्त झाली पाहिजे, एवढंच.

दांडीयात्रा

धाग्याला शुभेच्छा. आमच्या पिढीची दांडीची सायकल बघा की! रॉडब्रेकवाली. दुधाचे दोन कॅन लावून माणसं वीस वीस वर्षं चालवत. ॲटलसने २०२० साली साहिबाबादचा कारखाना बंद केला, तोही ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. त्या दिवशी मी माझी ॲटलस पुसून, तेल घालून गल्लीत एक फेरी मारली होती. असो, अवांतर झालं.

फ्रेम म्हणाल तर तुटत नाही. पण एक सांगून ठेवतो, क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, कॉटर पिनवर (ठोकून बसवलेल्या खिळीवर) असतो. फिक्सवर पाय पुढेही जोर देतात आणि मागेही, त्या उलटसुलट झटक्यांनी पिन ढिली होते आणि पायडलला ‘टक्‌ टक्‌’ सुरू होतं. मी करून बघितलंय. महिन्यात दोन पिना खाल्ल्या.

कुपवाडचा लेथ

ताई, वेल्डिंगचा नाद करू नका. मी एमआयडीसीत लेथवर आहे, दिवसभर आट्यांशीच संबंध.

फ्री, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी मागची दात्यांची चकती, हबवर (चाकाच्या मधल्या नळीवर) बसते सरळ आट्यांवर. तुम्ही पुढं पायडल मारला की ती आवळत जाते. फिक्स केली आणि वेग कमी करायला पाय मागं दाबला की तीच फ्री सुटायला बघते. खऱ्या फिक्स हबला म्हणून दोन आटे असतात. आत सरळ, त्याच्यावर दात्याची चकती. बाहेर जरा कमी व्यासाचे उलटे आटे, त्याच्यावर लॉकरिंग, म्हणजे आवळायचं कडं. चकती सुटायला फिरली की लॉकरिंग आवळतं. एक सुटायला जातं तेव्हा दुसरं घट्ट होतं, डोकं बघा करणाऱ्याचं!

वेल्ड केलेल्या फ्रीला ते उलटं कुलूपच नसतं. वर वेल्डच्या उष्णतेनं दात्यांचं पाणी उतरतं. कुणी म्हणेल बीबीचं (क्रँक ज्याच्यावर फिरतो त्या खालच्या बेअरिंगचं) लॉकरिंग लावून वर लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवायचा गोंद, ओतू. आटे बसतात, खरं आहे, पण ते सरळ आटे, दोन्ही एकाच दिशेनं सुटणार. पुण्या-मुंबईची पोरं त्याला ‘सुसाइड हब’ म्हणतात ते उगीच नाही.

आमच्या शेजारच्या शेडमधल्या पोरानं केलं होतं तसलं. अंकलीच्या पुलावर ट्रॅक्टर आडवा आला, ह्यानं पाय दाबला, चकती गरागरा फिरली आणि सायकल तशीच पुढं. ब्रेक काढून टाकला होता पठ्ठ्यानं. नशीब, उसाच्या ट्रॉलीला बाजूनं घासला, चाकाखाली गेला नाही.

आऊटकाढ्या

लेथवाले दादांना +१. आता पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायाबद्दल जरा सविस्तर लिहितो. हौस म्हणून चाकं बांधतो, गेली अकरा वर्षं.

लोक पैसे कुठे घालतात? फ्रेमच्या रंगात. पंधरा हजारांतल्या फिक्सीचा जीव असतो मागच्या चाकात. गिअरच्या सायकलवर चाक फक्त पुढे ओढलं जातं, इथे ते दोन्ही बाजूंनी पिळवटलं जातं. त्या पोपटी रिमा दिसायला जाड, पण मी ज्या तीन उघडून बघितल्या त्यांत तारांचा ताण एक सतारीसारखा, एक सुतळीसारखा. महिन्याभरात चाक आउट, म्हणजे डुलायला लागतं, सहा महिन्यांत हबच्या कोनात (ज्याच्यावर छर्रे फिरतात त्या भागात) खड्डे. सरसकट सगळ्याच वाईट असतील असं म्हणत नाही. पण विकत घेतलीच तर पहिल्याच दिवशी चाकं कुणाकडून तरी ताणून घ्यायची आणि कप-कोन उघडून ग्रीस भरायचं, हा खर्च किमतीत धरा.

तुमच्या कामाला फ्लिप-फ्लॉप हब. एका बाजूला फिक्स, दुसऱ्या बाजूला फ्री. गुडघा दुखला, माहेरून सामान आणायचं आहे, ताप आहे, चाक काढायचं, उलटं लावायचं, फ्री. यात नवं काही नाही. टूर द फ्रान्स १९०३ ला सुरू झाली आणि डिरेल्युअरला परवानगी मिळाली १९३७ ला. मधली सगळी वर्षं घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटवून लावणारे गडी होते.

जुनी फ्रेम बघायला जाल तेव्हा चुंबक, सुतळी आणि मोजपट्टी घेऊन जा. चुंबक चिकटलं तर स्टील. मागच्या चाकाचा नट जिथे बसतो ती खाच बघा. ती आडवी पाहिजे, म्हणजे चाक पुढे-मागे सरकवून चेन ताणता येते. खाच सरळ खाली उघडणारी असेल तर फ्रेम कितीही देखणी असली तरी नमस्कार करून परत या, कारण फिक्सीला चेन ताणायला दुसरं काहीच नसतं. मग दोन खाचांमधलं अंतर मोजा. ट्रॅक हबला, म्हणजे फिक्सच्या हबला, १२० मिलिमीटर लागतं. स्टीलमध्ये पाच-सहा इकडेतिकडे चालतं, ॲल्युमिनियम मात्र कधीही वाकवायचं नाही. सुतळी एका खाचेला बांधून पुढच्या हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणा. आता मधल्या सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर सारखं भरलं पाहिजे. तीन-चार मिलिमीटरच्या वर फरक म्हणजे फ्रेम कधीतरी आपटली आहे.

शेवटी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. पुढच्या चिमट्याला ब्रेकसाठी भोक आहे का बघा. नसेल तर ती फ्रेम माझ्या मते तुमची नाही.

आणि चेन जाड घ्या, एक अष्टमांश इंचाची. जाड चेन पातळ दात्यांवर चालते, पातळ चेन जाड दात्यांवर बसतच नाही.

नाब्रेक

ब्रेक?? फिक्सीला??? मग स्कूटी घ्या. पाय हाच ब्रेक. स्किड (पायानं मागचं चाक अडवून घसरवत थांबणं) शिका ताई, दोन आठवड्यांचं काम आहे.

आऊटकाढ्या

@नाब्रेक, ट्रॅकवरच्या सायकलला ब्रेक नसतो, बरोबर. बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर) कुत्रं आडवं येत नाही, रिक्षा थांबत नाही आणि सगळे एकाच दिशेला जातात. टिळक चौकात यातलं काय आहे ते सांगा. ब्रिटनमध्ये फिक्स चाक हा मागचा ब्रेक धरतात, तरी पुढचा ब्रेक कायद्यानंच लागतो. ब्रेक मारताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला तुम्ही कितीही लॉक करा, घसरणारच.

स्किडचं गणित मात्र ताईंच्या कामाचं आहे, टायर वाचवायला. पुढचे दाते भागिले मागचे दाते हा अपूर्णांक अतिसंक्षिप्त करा. खालचा आकडा म्हणजे टायरवर किती ठिकाणी घासणार. ४८/१६ म्हणजे ३/१, दर वेळी टायरची एकच जागा घासणार, महिन्यात कॅनव्हास दिसेल. ४४/१६ म्हणजे ११/४, चार जागा. ४६/१६ म्हणजे २३/८, आठ. आणि मागे १७ लावलंत तर पुढे ४४ असो की ४६, सतरा जागा. मूळ संख्या शाळेनंतर इथेच उपयोगी पडल्या.

नाब्रेक

४८/१६ च आहे माझी 😐 म्हणून दर दीड महिन्याला टायर.

यवतेश्वरउतार

साताऱ्यातून लिहितोय. सांगलीकरांचा हेवा वाटतो. आमच्याकडे फिक्सी म्हणजे हौसेला मोल नाही. ४६/१६ घेऊन यवतेश्वर चढलो, ते जमलं. उतरताना खरी शाळा झाली. एका पायडल-फेरीत सायकल सहा मीटरच्या थोडी वर जाते. घाटात वेग ४५ ला पोचला म्हणजे मिनिटाला सव्वाशेच्या आसपास पाय फिरतात आणि ते तुम्ही फिरवत नसता, सायकल फिरवत असते. एका वळणावर आतला पायडल रस्त्याला टेकला, मागचं चाक उचललं गेलं, कोपर आणि गुडघा सोलून निघाला. त्यानंतर कासला जाताना चाक उलटवतो, फ्रीवर, दोन्ही ब्रेक लावून. मित्र हसतात, हसू देत.

ताई, तुम्हाला घाट नाही, पण स्पीडब्रेकर आहेत. फ्रीच्या सायकलवर आपण नकळत पाय आडवे करून उभे राहतो. इथे पाय थांबवता येत नाहीत. चार फेऱ्या आधी अंदाज घेऊन पाय जुळवावे लागतात. क्रँक १६५ मिलिमीटरचा मिळाला तर बघा, १७० पेक्षा तेवढाच अर्धा सेंटीमीटर जमिनीपासून वर.

आणि एवढ्यासाठी मोठा गिअर नको. ४४/१७ ला मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसव्वीस होतात. मिरजेला जायला पुरे.

पेन्शनर_सध्या

सगळं वाचलं. सायकलमधलं मला कळत नाही, पण एक लिहायलाच हवं. माझा धाकटा भाऊ, सायकल स्टँडवर, मागचं चाक फिरतंय आणि हा फडक्यानं चेन पुसतोय. फिक्स होती. फडकं अडकलं, बोट आत गेलं. साध्या सायकलला तिथे काहीतरी ढील असते, चाक पुढे फिरत राहतं आणि चेन थांबते. इथे चाकाचा सगळा जोर बोटावर. अनामिकेचं वरचं पेर गेलं. बेटा, चेन नेहमी चाक थांबवून, थोडी थोडी सरकवत पूस. ओढणी आणि पँटची मोहरीसुद्धा बांधून बस.

वीसरुपयेपंक्चर

काका, हे वाचून बाबांना दाखवलं. ते म्हणाले, मग घेऊच नको. 🙂 मोहरीला पट्टा आणला आहे.

सगळ्यांचे आभार. वेल्डिंग रद्द, पोपटी रद्द. रविवारी जुन्या सायकली बघायला गेले, सुतळी घेऊन (दुकानदार म्हणाला, पतंग उडवायचाय का). एक ड्रॉप हँडलची स्टीलची सापडली, टायरवर २७×१¼ लिहिलंय, खाचा आडव्या, अंतर १२२. सुतळी सारखी भरली. सांगतोय अठराशे, वरचा रंगही बरा आहे. मग इतकी स्वस्त का?

कुपवाडचा लेथ

पुरातली असंल. २०१९ नंतर आणि पुन्हा २०२१ ला ढिगानं निघाल्या. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलं की नदीकाठच्या गल्ल्यांतल्या सायकली आठ-आठ दिवस गाळात. वरनं रंग मारून विकत्यात.

सीटचा दांडा ओढून बघा, निघतो का. निघाला तर फ्रेम उलटी धरून नळ्यांवर लाकडानं ठोका. भुगा पडला तर बघा कसला आहे. माती पडली तर धुऊन निघंल. लाल पापुद्रे पडले तर सोडून द्या. आणि खालचा बीबी उघडायला लावा. आटे पांढरे दिसले पाहिजेत. दांडाच निघत नसंल तर तेल-पाणी करत बसू नका, फुकट दिली तरी नको.

आऊटकाढ्या

२७ इंची म्हणजे ६३० मिलिमीटर व्यासाची रिम, तुम्ही लावणार आजकालची ६२२ ची. ब्रेकचा गुटका चार मिलिमीटर खाली आणावा लागेल, बहुतेक ब्रेकमध्ये तेवढी खाच असते. आधी ब्रेक लावून बघा, मग पैसे द्या.

वीसरुपयेपंक्चर

दांडा निघाला नाही. म्हणजे दुकानदारानं पाना लावून, शिव्या घालून बघितलं, तरी नाही. सोडली. वाईट वाटलं, रंग निळा होता.

दांडीयात्रा

निळ्या रंगाचा मोह वाईट. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

वीसरुपयेपंक्चर

धागा वर काढतेय, कारण झाली!

फ्रेम मिळाली माधवनगरच्या एका घरी, माळ्यावर. गृहस्थ कॉलेजात असताना रेस खेळायचे. बावीसशे सांगितले, घासाघीस केली नाही, कारण त्यांनी स्वतःच आधी दांडा काढून दाखवला. जुनं ग्रीस काळं झालं होतं, पण होतं. त्यात चिमटा, हेडसेट (हँडल ज्याच्यावर वळतं ते बेअरिंग), सीटचा दांडा आलं. एक खाच जरा आत वळलेली होती, ती लेथवाले दादांनी सांगितलेल्या ठिकाणी दोनशेत सरळ करून घेतली.

मागचं चाक आऊटकाढ्यांनी सांगितल्याप्रमाणे फ्लिप-फ्लॉप हब मागवून बांधून घेतलं, ३,९०० झाले, सगळ्यात मोठा खर्च तोच. पुढचं चाक दोन हजार, टायर-ट्यूब बावीसशे, २८ मिलिमीटर रुंदीचे. क्रँक १६५ चा, बीबी धरून एकोणीसशे. पुढचा ब्रेक, लिव्हर, केबल नऊशे. चेन तीनशे, पायडल आणि पट्टे सातशे. एकूण १४,३००. गिअर ४४/१७.

चेनची लाइन जुळायला एक दिवस गेला. पुढचं चक्र आणि मागची चकती एका रेषेत नव्हती, बीबी एक साइझ लहान आणावा लागला, दुकानदारानं बदलून दिला. चेन वर-खाली साधारण एक सेंटीमीटर हलते एवढी ढील ठेवली. मी आधी तारेसारखी ताणली होती, तेव्हा पायडल फिरवताना दळण दळल्यासारखा आवाज येत होता.

आऊटकाढ्या

चकती हातानं कितीही आवळा, खरी बसते ती चढावर उभं राहून पायडल मारल्यावर. चढून आलात की लॉकरिंग पुन्हा एकदा आवळा. हे विसरू नका.

वीसरुपयेपंक्चर

विसरले.

चौथ्या दिवशी कॉलेज कॉर्नरला सिग्नलला पाय दाबला तर ‘कट्‌’ असा आवाज आणि पायडल बोटभर मागे सरकला. पोटात गोळा. पुढचा ब्रेक होता म्हणून थांबले. उतरून ढकलत घरी. मग रेल्वेच्या पुलावर तीन वेळा वर-खाली, पाय न दाबता, आणि लॉकरिंग आवळलं. पुलावरचे पेरू विकणारे मामा विचारत होते, काही हरवलंय का.

नाब्रेक

…पुढचा ब्रेक किती रुपयांचा म्हणालात?

आऊटकाढ्या

😂 नऊशे, केबलसकट. तुमच्या चिमट्याला भोक आहे का ते आधी बघा.

वीसरुपयेपंक्चर

दिवाळीनंतरचा अपडेट. ऑगस्टपासून साधारण अकराशे किलोमीटर झाले. उरलेला सगळा पावसाळा गेला, टूथब्रश एकदाही लागला नाही. चिखल बसतो तो मडगार्ड आणि टायरच्या फटीत, काठीनं काढते. चेन मोजली, बारा इंचांत केसभर वाढली आहे, पट्टीवर एक सोळांश इंच भरला की बदलेन. मागची एक तार ढिली झाली होती, ती ताणून घेतली. पंक्चर तीन. पैकी दोन विश्रामबागेतल्या एकाच खड्ड्यात, आता मी त्याला नावानं ओळखते.

आता उसाचं गळीत सुरू झालंय. डबल ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रस्त्यावर सगळीकडे पाचट. ओल्या पाचटावर मागचं चाक एकदा सरकलं. तेव्हापासून संध्याकाळी येताना वेग कमी आणि पाय सैल. पाय सैल सोडले की पाचट खाली आल्याचं आधी तळव्यांना कळतं, मग डोळ्यांना.

बाबांनी परवा मागितली, एक चक्कर मारतो म्हणाले. गल्लीच्या टोकाला सवयीनं पाय थांबवले. पडले नाहीत, पण सायकलनं त्यांना सीटवरून उचललं. हातात धरून चालत परत आले आणि म्हणाले, चाक उलटं कसं लावायचं ते दाखव.

पेन्शनर_सध्या

त्यांना चेन पुसायचं पण सांग.